विजेची शेगडी घेताना

पेडणे व डिचोली येथील आमच्या घरांतून विजेच्या शेगडीची चौकशी हल्ली वारंवार होते. इंडक्शनमध्ये चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याचा तळच तापतो, म्हणून उष्णता फारशी वाया जात नाही. परंतु तांबे, पितळ, साधे ॲल्युमिनियम आणि डिचोलीच्या कुंभारांची मातीची भांडी तीवर निरुपयोगी ठरतात. तेव्हा खरेदीपूर्वी मांडणीवरील प्रत्येक भांड्याच्या बुडास लोहचुंबक लावून पाहावा. आजीची पितळी पातेली अडगळीत टाकण्यास आमचे मन धजत नाही. अशा घरी इन्फ्रारेड शेगडी बरी. तीवर सपाट बुडाचे कोणत्याही धातूचे भांडे चालते. मात्र बंद केल्यावरही तिची काच बराच वेळ पोळते, हे मुलांना बजावावे. पावसाळ्यात वीज गेली, की दोन्ही शेगड्या थंड आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण खोळंबते. आम्ही तरी गॅस काढलेला नाही.