आठवण पुसली की अडकली?

खर्डीच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वडील रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या पुढे. डिमेन्शियामुळे बरेच महिने मुलाला ओळखत नव्हते. एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी मुलाला नावाने हाक मारली आणि विचारलं, ‘‘राब भाजून झाला का रे?’’ मग तासभर शेताच्या, भावकीच्या गप्पा. दुपारी पुन्हा तीच अनोळखी नजर. मुलाचा प्रश्न: मग ती आठवण इतके दिवस होती कुठे?

प्रश्न लाखमोलाचा आहे. डिमेन्शियाच्या आल्झायमर या प्रकारात मेंदूत अमायलॉइड प्रथिनाच्या गाठी साचतात, पेशी मरतात. हे नुकसान एका सकाळीत भरून निघत नाही. म्हणजे आजोबा जे बोलले, ते त्याच मेंदूत शिल्लक होतं. कसारा घाटात दरड कोसळली की गाड्या अडकतात, पण नाशिक जागेवरच असतं. तसंच काहीसं हे. २०१६ मध्ये एमआयटीतल्या धीरज रॉय आणि सुसुमु टोनेगावा यांच्या गटाने आल्झायमरसदृश विकाराच्या उंदरांत ठरावीक पेशी प्रकाशाने चेतवल्या आणि विसरलेली भीती परत जागी केली. मात्र ते उंदीर आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात होते. एवढ्यावरून माणसाची स्मृती परत आणून देतो म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. या आजारात रूळच बंद पडतात असं नाही, काही स्टेशनंही ढासळतात.

या गाठींची गोष्ट सांगताना ऑस्कर फिशर हे नाव हटकून गळतं आणि ते मला फार खटकतं. प्रागच्या या डॉक्टरांनी १९०७ मध्ये, म्हणजे डॉ. आल्झायमर यांचा या आजारावरचा लेख छापून आला त्याच वर्षी, म्हातारपणी स्मृतिभ्रंश झालेल्या १६ जणांचे मेंदू तपासले. १२ जणांत गाठी सापडल्या. आल्झायमर यांची रुग्ण ऑगस्ट डेटर इस्पितळात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. खर्डीच्या आजोबांच्या वयाचे रुग्ण अभ्यासले ते फिशर यांनी. पण १९१० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी पाठ्यपुस्तकात आजाराला नाव दिलं ते आल्झायमर यांचं. फिशर ज्यू होते. नाझींनी त्यांना पकडलं आणि १९४२ मध्ये टेरेझिनच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला.

अशी शुद्ध येणं ही शेवट जवळ आल्याची खूण आहे का, असंही पत्रात भीत भीत विचारलं आहे. मृत्यूच्या आधी येणाऱ्या शुद्धीवर संशोधक मिखाएल नाम यांनी २००९ मध्ये लिहिलं, तेव्हापासून तिची चर्चा वाढली. पण या नोंदी बहुतांशी नातेवाइकांनी आणि नर्सनी मागाहून सांगितलेल्या आहेत. अंत जवळ नसतानाही अशी शुद्ध येते. लेवी बॉडी डिमेन्शियात तर एका दिवसातही चढउतार होतात. शिवाय लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, एखादं औषध यांनीही भ्रम वाढतो आणि कारण दूर झालं की माणूस पुष्कळसा सावरतो. म्हणून त्या दिवशीची झोप, ताप, औषधं कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पुन्हा असा तास आला तर ‘मी कोण, सांगा’ अशी परीक्षा घेऊ नका. ते काढतील त्या विषयावर बोला. आणि एरवीही, त्यांना काही कळत नाही असं समजून त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी काहीबाही बोलू नका. आत किती शाबूत आहे, हे बाहेरून दिसत नाही.