शिकण्याची चूल आणि जेवणाची पंगत

शेतकऱ्यांच्या सभेंत बियाण्याची, खताची, पाण्याची आणि बाजारभावाची चर्चा नेहमीं होते, आणि ती झालीच पाहिजे. परंतु शेतांत पिकलेला दाणा घराचा उंबरठा ओलांडून आंत गेला म्हणजे त्याचें पुढें काय होतें, याचा विचार अशा सभेंत क्वचितच होतो. तो विषय बायकांचा, असें म्हणून आपण सोडून देतों. दुभत्या जनावराला कोणती वैरण द्यावी हें आपण जाणत्यांस विचारतों. परंतु दूध सुटलेल्या मुलाला काय भरवावें हें विचारण्यास आपल्याकडे सभा नाहीं. ही उणीव कशी भरून काढतां येईल, आणि ती भरतांना गांवांतील माणसें एकमेकांच्या जवळ कशीं येतील, याचें एक जुनें उदाहरण वाचकांपुढें ठेवावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

उदाहरण कॅनडा देशांतील ऑन्टॅरिओ प्रांताचें आहे. तेथें १८५७ सालीं एका शेतकऱ्याच्या घरीं अ‍ॅडलेड हंटर या मुलीचा जन्म झाला. पुढें हूडलेस घराण्यांत लग्न होऊन त्या हॅमिल्टन शहरीं राहूं लागल्या. १८८९ सालीं त्यांचा तान्हा मुलगा पोटाच्या विकारानें दगावला. त्या काळीं दूध उघड्या भांड्यांतून घरोघर फिरत असे. त्यावर धूळ पडे, माशा बसत. दूषित दुधानेंच आपलें मूल गेलें, असें बाईंच्या मनानें घेतलें. तेव्हांपासून घर चालविणाऱ्या स्त्रीला अन्नाचें व स्वच्छतेचें शिक्षण मिळालें पाहिजे, या एकाच ध्यासानें त्यांचें आयुष्य भरून गेलें. शहरांत मुलींसाठीं स्वयंपाकाचे व गृहव्यवस्थेचे वर्ग सुरू करण्यांत त्यांनीं पुढाकार घेतला.

१८९६ सालीं गेल्फ येथील शेतकी कॉलेजांत त्यांचें भाषण झालें. ऐकणाऱ्यांत अर्लंड ली नांवाचे एक शेतकरी होते. आपल्या भागांतील शेतकरी मंडळाचे ते एक प्रमुख सभासद. त्यांनीं बाईंना मंडळाच्या सभेस बोलाविलें आणि त्या रात्रीं बायकांनाही घेऊन यावें, असें सभासदांस सांगितलें. सुमारें पस्तीस स्त्रिया आल्या. शेतकऱ्यांचें मंडळ असूं शकतें, तर शेतकऱ्यांच्या बायकांचें कां असूं नये, हा विचार तेथें निघाला. आठच दिवसांनीं, १९ फेब्रुवारी १८९७ रोजीं, स्टोनी क्रीक या गांवीं एकशें एक स्त्रिया जमल्या; पुरुष काय तो एकटे ली. तेथें पहिली 'विमेन्स इन्स्टिट्यूट' स्थापन झाली. तिची घटना ली यांच्या घरांतील जेवणाच्या टेबलावर लिहिली गेली. दार उघडणारा मनुष्य शेतकरी मंडळाचा सभासद होता, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावी.

पुढें १९१५ सालीं, महायुद्धाच्या धामधुमींत, हीच पद्धति ब्रिटनमध्यें गेली. तेथील पहिली संस्था वेल्समधील अँगलसी बेटावर निघाली. अन्न वाढवावें, तें वायां जाऊं देऊं नये, हा हेतु होता. तिकडील बैठकीचा क्रम सांगण्यासारखा आहे. आधीं मंडळाचें कामकाज, मग कोणीतरी कांहींतरी प्रत्यक्ष करून दाखवावयाचें, त्यानंतर सर्वांनीं मिळून चहा व खाणें, आणि शेवटीं मोकळ्या गप्पागोष्टी. जमीनदाराची पत्नी आणि त्याच्याच जमिनीवर राबणाऱ्या मजुराची बायको एका टेबलाशीं बसत, आणि दोघींचें मत सारखेंच मोजलें जाई. अध्यक्षपद बहुधा मोठ्या घरच्याच बाईकडे जाई हें खरें. एका चहानें उच्चनीचपणा नाहींसा होत नाहीं. तथापि दुसरें महायुद्ध आलें तेव्हां या संवयीचा उपयोग दिसला. १९४० च्या एका हंगामांत या संस्थांच्या बायकांनीं गांवोगांवीं मिळून १,६०० टनांहून अधिक फळांचे मुरंबे व टिकाऊ पदार्थ तयार केले. अनेक वर्षें एकत्र शिकलेले हात अडचणीच्या वेळीं एकत्र चालले.

आतां आपल्याकडे पाहूं. एकत्र जेवण आपणांस नवें नाहीं. इर्जिकेची चाल वाचकांस ठाऊक आहेच. एकाचें शेत मागें पडलें तर शेजारी औतें घेऊन येत, मजुरी घेत नसत. यजमानानें त्यांना पोटभर जेवूं घालावें, इतकाच करार. ट्रॅक्टर आल्यापासून ही चाल बरीच मागें पडली. परंतु तिचें कौतुक करतांना दोन गोष्टी झांकून ठेवूं नयेत. एक, त्या पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्या बायका सर्वांच्या मागून, उरलें तें जेवत. दुसरी, शेतांत खांद्याला खांदा लावून राबलेलीं माणसें जेवतांना जातीप्रमाणें वेगळीं बसत. काम एक आणि पंगती अनेक, अशी ती स्थिति होती. आणि ती आज सर्वत्र संपली आहे, असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

ही भिंत पाडण्याचा यत्न आपल्याकडे फार पूर्वीं झाला. १८४९ च्या सुमारास मुंबईंत परमहंस सभा स्थापन झाली. तिचे सभासद एकत्र बसून जेवत आणि ख्रिस्ती मनुष्यानें भाजलेला पाव खात. पण हें सर्व गुप्तपणें चाले. १८६० सालीं सभेचे कागद चोरीस गेले, नांवें फुटण्याचें भय पसरलें आणि सभा मोडली. त्या मंडळींच्या धैर्यास आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु चोरून खाल्लेला घांस घरांतल्या चुलीपर्यंत पोंचला नाहीं, हेंही खरें. पुरुष बाहेर जेवून आले. घरच्या स्वयंपाकघरास त्याची वार्ताही नव्हती.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, नुसती पंगत पुरेशी नाहीं. पंगतींत एक वाढणारा व दुसरा जेवणारा असतो. एक उपकार करितो व दुसरा तो घेतो. एकत्र शिकून, एकत्र रांधून, मग एकत्र जेवण्यांत हा भेद राहत नाहीं. तेथें ज्याला येतें तो गुरु आणि ज्याला येत नाहीं तो शिष्य. तांदुळजा, घोळ, टाकळा, कुर्डू या रानभाज्या आपण तण म्हणून उपटून बांधावर टाकतों. त्या कोणत्या वेळीं खुडाव्या, कोणती उकडून पाणी काढावें लागतें, हें आपल्या शेतांत खुरपणीस येणाऱ्या बाईला अधिक चांगलें कळतें. जमिनीच्या मालकिणीनें तिच्या शेजारीं बसून तें शिकावें, आणि शिकलेली भाजी दोघींनीं एका पंगतीस खावी. असा एक दिवस दहा व्याख्यानांचें काम करील.

शिकण्यासारखें पुष्कळ आहे. बाजरीचें पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतें, कारण तिच्यांत स्निग्धांश असतो. दाणे उकळत्या पाण्यांत सुमारें अर्धा मिनिट बुडवून काढावे, उन्हांत चांगले वाळवावे व मग दळावे. असें पीठ बरेच अधिक दिवस टिकतें. नाचणी शंभर ग्रॅम घेतली तर तिच्यांत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. इतर धान्यांत तें इतकें नसतें. ती भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून दळली तर तिची पेज पातळ राहते, आणि लहान मूल थोड्या पेजेंत अधिक सत्त्व घेऊं शकतें. भाजीवर लिंबू पिळल्यानें तिच्यांतील लोह अंगीं अधिक लागतें. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. तो गौरव खरा व्हावयाचा तर हीं धान्यें आधीं आपल्या ताटांत आलीं पाहिजेत.

असा वर्ग चालवूं इच्छिणाऱ्या मंडळांसाठीं कांहीं सूचना करितों.

(१) जागा अशी असावी कीं जेथें गांवांतील कोणाही स्त्रीला संकोच वाटणार नाहीं. कोणा एकाच्या वाड्यापेक्षां शाळेची पडवी किंवा सोसायटीची इमारत बरी.

(२) महिन्यांतून एक दिवस पुरे. एका वेळीं एकच गोष्ट शिकवावी; ती घरीं करून पाहावी आणि काय साधलें, काय बिघडलें, तें पुढच्या वेळीं सांगावें.

(३) शिधा सर्वांनीं सारखा, ओंजळ दोन ओंजळी आणावा. गोडधोड व बडेजाव करूं नये. नाहींतर गरीब घरची बाई दुसऱ्या वेळीं येणार नाहीं.

(४) रांधलेलें तेथेंच, एकाच पंगतीस बसून खावें. त्या दिवशीं पुरुषांनीं पाणी भरावें, वाढावें व भांडीं घांसावीं. स्वयंपाक करणारणींनीं पहिल्या पंगतीस बसावें.

(५) कोणी जेवावयास न बसल्यास आग्रह अथवा निंदा करूं नये. मात्र त्याच्यासाठीं वेगळी पंगतही मांडूं नये. त्याची जागा मोकळी ठेवावी.

बायकांना वेळ कोठें आहे, असा आक्षेप येईल, व तो खोटा नाहीं. घरचें, गोठ्याचें व शेताचें काम उरकून त्या कशा येणार? याचें उत्तर पुरुषांच्या हातीं आहे. महिन्यांतील एक दिवस गोठा व चूल आपण सांभाळली तर वेळ निघतो. आरंभ करण्यास हुरड्याचे दिवस उत्तम. ज्वारीची कणसें आगटींत भाजून बांधावर खातांना सोवळें-ओवळें आड येत नाहीं. तेथें मन मोकळें झालें म्हणजे पुढची पायरी सोपी जाते.

हूडलेसबाई १९१० सालीं टोरांटो येथें भाषण करीत असतांनाच निधन पावल्या. त्यांचें गेलेलें मूल परत आलें नाहीं. पण दूध झांकावें व तापवावें हें ज्ञान नंतरच्या असंख्य मुलांच्या आयांपर्यंत पोंचलें, आणि त्या आया एकमेकींच्या ओळखीच्या झाल्या. ली यांनीं केलें तें एवढेंच कीं, आपल्या मंडळाच्या सभेंत बायकांसाठीं जागा केली. आपल्या मंडळाच्या पुढील बैठकीस तेवढें प्रत्येक सभासदानें करावें, इतकीच विनंति आहे.