अलादार, कार्नोटॉरस आणि चांदवडचा काळा दगड

डिस्ने कंपनीचा ‘डायनोसॉर’ हा चित्रपट मे २००० मध्ये अमेरिकेत लागला आणि पुढे व्हीसीडीवरून आपल्याकडे घरोघरी पोचला. तेव्हा शाळेत असलेली मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. बालपणी जीव लावलेला चित्रपट मोठेपणी पुन्हा पाहावा की नाही, हा तसा नाजूक प्रश्न. मी पाहिला. अर्धा फार आवडला, अर्ध्यात नुसती चुळबुळ झाली.

सुरुवात मात्र आजही खिळवून ठेवते. एक अंडे घरट्यातून पळवले जाते, नदीत पडते, टेरोसॉरच्या तावडीतून निसटते आणि लेमूरांच्या बेटावर येऊन पडते. या काही मिनिटांत प्राण्यांच्या तोंडी एकही शब्द नाही. मागचा निसर्ग खरा, व्हेनेझुएला, हवाई, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी चित्रित केलेला. त्यावर संगणकाने रचलेले प्राणी. मुळात पॉल व्हर्होवेन आणि फिल टिपेट यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही कल्पना मांडली, तेव्हा प्राण्यांना बोलतेच करायचे नव्हते. ते बोलू लागले आणि जादू ओसरली. त्यातले विनोद तर अगदीच पोरकट.

शास्त्राच्या बाबतीत तर बोलायलाच नको. नायक अलादार हा इग्वानोडॉन, सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हातारी बेलीन ही ब्रॅकिओसॉरस, पंधरा कोटी वर्षांपूर्वीची. खलनायक कार्नोटॉरस सात कोटींच्या आसपासचा. सातवाहन राजा, देवगिरीचे यादव आणि अहिल्याबाई होळकर यांना चांदवडच्या रंगमहालात एकाच पंगतीला बसवावे, तसा हा प्रकार. लेमूर तर डायनोसॉर संपल्यानंतर पुष्कळ काळाने आले. शिवाय इग्वानोडॉनला चोच होती. चेहऱ्यावर भाव दिसावेत म्हणून चित्रपटाने त्याला ओठ दिले.

तरीही चित्रपट मनातून जात नाही, आणि चांदवडच्या माणसाला त्याचे कारण सांगायला नको. उल्का कोसळल्यावर सगळा कळप पाण्याच्या शोधात निघतो. ठरलेल्या तळ्याशी पोचतो, तर तळे कोरडे. क्रॉन हा पुढारी म्हणतो, चला पुढे, मागे राहतील त्यांचे नशीब. अलादार म्हाताऱ्यांपाशी थांबतो, आणि बेलीनच्या वजनदार पायाखाली जमीन दबून खालचे पाणी वर येते. ज्या तालुक्यात उन्हाळा आला की टँकरची वाट पाहिली जाते, तिथल्या पोराला या प्रसंगात काय दिसले असेल, ते वेगळे सांगायला हवे का?

चित्रपट संपल्यावर भाचीने विचारले, “मामा, आपल्याकडे होते का रे डायनोसॉर?”

होते, पण चांदवडच्या डोंगरात त्यांची हाडे शोधू नयेत. रेणुकामातेचे मंदिर ज्या डोंगरात आहे, तो आणि सातमाळ्याची सारी रांग बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाची आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून हा लाव्हा थरावर थर पसरत गेला. आजही त्याने जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापला आहे. आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळे. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरूनच आला आहे. तापलेल्या लाव्हात हाड टिकत नाही. ते टिकते नदी-तळ्याच्या गाळात, आणि हा गाळ लाव्हाच्या खाली किंवा दोन थरांच्या मध्ये दडलेला असतो. आपल्याकडे वरचा थर फार जाड. पूर्वेला, चंद्रपूर जिल्ह्यात लाव्हाची कड येते, तिथे खालचा गाळ उघडा पडतो. म्हणून हाडे मिळाली ती वरोऱ्याजवळच्या पिसदुरा आणि डोंगरगावला. डोंगरगावच्या एका लांबमान्या डायनोसॉरचे नाव आहे आयसीसॉरस. यातले ‘आयसी’ म्हणजे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची आद्याक्षरे! संख्याशास्त्राच्या संस्थेच्या नावाचा डायनोसॉर आपल्या महाराष्ट्रातला.

आणि तो खलनायक कार्नोटॉरस? तो अर्जेंटिनाचा खरा, पण त्याचे भाऊबंद आपल्याकडेही होते. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला १९८०च्या दशकात मिळालेल्या हाडांवरून २००३ साली ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’चे नाव जाहीर झाले, तो याच कुळातला. तिसरा भाऊबंद मादागास्करात सापडतो. दक्षिण अमेरिका, मादागास्कर आणि भारत हे एके काळी एकाच महाखंडाचे तुकडे होते, त्याची ही साक्ष.

चित्रपटात उल्का पडूनही कळप वाचतो आणि हिरव्या खोऱ्यात पिल्ले जन्मतात. प्रत्यक्षात मेक्सिकोच्या युकातान भागात पडलेल्या अशनीने सुमारे १८० किलोमीटर रुंदीचे विवर पाडले, आणि त्या सुमारास पक्षी वगळता सगळे डायनोसॉर संपले. त्यात आपल्या लाव्हातून निघालेल्या वायूंचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत.

पिसदुऱ्याला हाडांखेरीज आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड. लखनौच्या बिरबल सहानी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ते तपासले, तेव्हा त्यांत गवताचे सूक्ष्म वालुकामय कण निघाले. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले. तोवर डायनोसॉरच्या चित्रात पायाखाली गवत काढणे ही चूक मानली जात असे.