दुसरा रिमोट

कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारावी, हा आमच्या पिढीचा धर्म होता. गाण्याची कॅसेट नव्हे. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची. ती काढायची, माउथ ऑर्गनसारखी ओठांशी धरून फुंकायची, पुन्हा खोचायची, आणि पडद्यावर मारिओ उगवला की फुंकणाऱ्याने कॉलर ताठ करायची. पुढे कळले की फुंकरीने काही होत नसे. काढून पुन्हा बसवल्यामुळे पट्ट्यांना पट्ट्या नीट भिडत, इतकेच. उलट तोंडातल्या ओलीने त्या गंजायच्या. पण असे कळून श्रद्धा सुटते थोडीच!

यंत्र मूळचे जपानी. क्योटो शहरात १८८९ साली पत्ते बनवण्यासाठी निघालेल्या निन्टेन्डो या संस्थेने १९८३ च्या जुलैत ते तिकडच्या बाजारात आणले. नाव ठेवले फॅमिली कॉम्प्युटर. पोरांनी त्याचे फॅमिकॉम केले. अमेरिकेत त्याने रंगरूप बदलले आणि जगभरात मिळून ते सहा कोटींहून अधिक खपले. आमच्या भिवंडीत नव्वदच्या दशकात जे पोहोचले, ती अर्थातच त्याची नक्कल. कॅसेटवर नवाच्या आकड्यांची माळ छापलेली, म्हणजे म्हणे तितके खेळ आत. प्रत्यक्षात दहाबारा खेळ फिरून फिरून समोर येत. आम्ही मात्र ती माळ खरी मानून पुढे पुढे शोधत राहिलो. न जाणो, नव्व्याण्णव हजारावा खेळ निराळा निघायचा!

हे सारे आठवायला निमित्त झाले मेहुण्यांचे. मागे परदेशातून येताना त्यांनी त्याच यंत्राचा नवा अवतार चिरंजिवांसाठी आणला. निन्टेन्डोने तो २०१६ च्या नोव्हेंबरात काढला होता. तळहातावर मावेल एवढी पेटी, आत ३० खेळ कायमचे भरलेले. जुन्या यंत्राची चालती स्मरणशक्ती २ किलोबाइट होती. आज संगणकात देवनागरीचे एक चिन्ह बहुधा तीन बाइट खाते, तेव्हा त्या स्मरणशक्तीत या लेखाचा एखादा परिच्छेद जेमतेम मावेल. नव्या पेटीची स्मरणशक्ती २५६ मेगाबाइट, म्हणजे सव्वा लाख पटीहून अधिक. शिवाय खेळ मध्येच थांबवून जिथल्या तिथे जपून ठेवण्याची सोय.

या सोयीचे मोल भिवंडीकराला सांगावे लागत नाही. आमच्या लहानपणी वीज गेली की गल्लीतल्या मागांची खटखट एकदम थांबे, आणि आठव्या जगाच्या उंबरठ्यावर आलेला मारिओही नाहीसा होई. वीज आली की माग तुटल्या धाग्यापासून पुढे चाले. मारिओला पुन्हा श्रीगणेशा करावा लागे. कारखानदार आणि आम्ही एकाच वेळी वीजमंडळाचा उद्धार करीत असू.

पण पेटी उघडली आणि मी तिच्यात हात घालून चाचपतच राहिलो. रिमोट एकच! दुसरा हवा असल्यास वेगळा विकत घ्यावा, अशी त्या मंडळींची योजना.

आता दुसऱ्या रिमोटाविषयी सांगायलाच हवे. मूळ जपानी यंत्रात दुसऱ्या रिमोटाला ‘स्टार्ट’चे बटणच नव्हते, आणि आमच्या नकलेनेही ते इमानाने गाळले होते. दुसऱ्या माणसाने पहिल्याच्या मर्जीने खेळ सुरू करायचा आणि त्याच्याच मर्जीने थांबवायचा. आमच्या घरी हा दुसरा रिमोट समोरच्या मोहल्ल्यातल्या माझ्या एका वर्गमित्राचा ठरलेला असे. त्याचे वडील मागावर रात्रपाळी करीत, दिवसा झोपत. त्याच्या घरी टीव्हीचा आवाज चालत नसे. १९७० आणि १९८४ चे दंगे ज्या गावाने पाहिले, तिथे अमक्या गल्लीतला पोरगा तमक्या घरात रोज दोन तास बसतो, ही गोष्ट साधी नव्हती. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. तिचे श्रेय इथल्या मोहल्ला कमिट्यांना दिले जाते आणि ते रास्तच आहे. आमची कमिटी दोघांची होती आणि तिच्यात भांडणे रोज होत.

‘कॉन्ट्रा’ नावाचा खेळ ज्यांनी खेळला आहे त्यांना तिसऱ्या टप्प्यातला धबधबा आठवत असेल. दोन शिपाई खडकांवर उड्या मारीत वर चढतात. एक घाईने वर गेला की चित्र वर सरकते आणि मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेने मरतो. शत्रूच्या गोळीने नव्हे, सोबत्याच्या उतावळेपणाने! “थांब रे, आ रहा हूँ!” हे वाक्य मी त्या मित्राच्या तोंडून किती वेळा ऐकले असेल त्याला गणती नाही. मी थांबलो नाही असेही पुष्कळदा झाले. आई आतून ओरडे, “त्याला पण खेळू दे रे!” तिला काय ठाऊक, तो खेळतच होता, मीच त्याला मारीत होतो.

आमच्या चिरंजिवांचे खेळ निराळे. कानाला यंत्र लावून तो कुठल्या तरी देशातल्या पोराशी झुंजतो. खालच्या मजल्यावर त्याच्याच वयाचा मुलगा राहतो, त्याचे नाव विचारले तर सांगता आले नाही. यात पोराचा दोष नाही. यंत्रच तसे केले आहे.

म्हणून जुने यंत्र नव्याने काढणाऱ्यांकडे माझे एक मागणे आहे: दोन रिमोट आणि दोन्हींना स्टार्ट. दुसरेही आहे. त्यात नवे काही भरता यावे. ‘बॅटल सिटी’ या १९८५ च्या रणगाड्यांच्या खेळात विटा आणि पाणी हवे तिथे मांडून आपले रणांगण आपण रचता येई. वीज गेली की ते पुसले जाई, तरी पोरे पुन्हा रचत. नव्या पेटीत सव्वा लाख पट स्मरणशक्ती असून बाहेरचा एक खेळ आत घालण्याची अधिकृत वाट नाही. बंद कुलपाच्या आठवणी!

आणि तिसरे मागणे मराठीच्या मास्तराचे. जुन्या यंत्राचे चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींनी बने. जपानी अक्षर एका चौकटीत बसे; त्याच्या डोक्यावरच्या दोन रेघोट्यांना जागा उरली नाही तर त्या वरच्या चौकटीत नेऊन ठेवीत. आपल्या ‘मूर्तीं’ना मात्र वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार, म्हणजे तिमजली इमारत. तेव्हा अडचण खरी होती, आता ती उरलेली नाही. चौकटी भरून नक्षी काढणे विणकरांच्या गावाला शिकवावे लागणार नाही. तेवढ्यात मराठी अक्षरे आणि इथली पोरे बसवणारा कोणी निघाला, तर मी पहिला गिऱ्हाईक.

तो मित्र आता तीन बत्तीच्या बाजूला मोबाइल दुरुस्त करतो. पेटीची गोष्ट ऐकून त्याने दुसरा रिमोट कुठून तरी पैदा केला आणि एका रविवारी घरी आला. या पेटीच्या रिमोटाची वायर अगदीच आखूड, जेमतेम अडीच फूट. त्यापायी निन्टेन्डोने जगभर बोल खाल्ले. आम्हां दोघा प्रौढांना टीव्हीसमोर जमिनीवर गुडघ्याला गुडघा लावून बसावे लागले. ‘कॉन्ट्रा’ नव्हता, त्याचा धाकटा भाऊ ‘सुपर सी’ होता. मित्राने न विचारता पहिला रिमोट उचलला.

चिरंजीव थोडा वेळ दारातून पाहत राहिले. मग जवळ येऊन म्हणाले, “बाबा, तुम्ही हरलात की पुढचा चान्स माझा. आणि खालच्यालाही बोलावू का?”