तीनशे सत्त्याहत्तर!

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान, म्हणून कॉलेजला सुट्टी. शिरवणे गावातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत आम्ही चौघे. एक जण आदल्या रात्रीच्या एसटीने साताऱ्याला गेला होता, मत द्यायला. उरलेल्या तिघांची नावं गावाकडच्या यादीत, आणि गावाला जायचा कंटाळा! त्यामुळे आम्ही दुपारपर्यंत झोपा काढल्या. खाली घरमालकांच्या घरात मात्र सकाळपासून लगबग. आजीसुद्धा काठी टेकत शाळेपर्यंत जाऊन बोटाला शाई लावून आल्या.

तीन दिवसांनी निकाल लागला. आपल्या १५१ बेलापूर मतदारसंघात भाजपच्या मंदा म्हात्रे यांना ९१,८५२ मते, राष्ट्रवादी (शरद पवार गट) चे संदीप नाईक यांना ९१,४७५. फरक किती? ३७७! एका डिव्हिजनला साठ विद्यार्थी धरा, सात डिव्हिजन झाल्या की ४२०. म्हणजे आपल्या कॉलेजच्या एका मजल्यावर जेवढी पोरं बसतात तेवढ्यांत आमदार ठरला. (आणि आम्ही झोपलो होतो. असो.)

तेव्हापासून या मतदारसंघाचा मागचा हिशोब बघायची खोड लागली. तो हिशोब कुठल्याही सबमिशनपेक्षा इंटरेस्टिंग निघाला!

मुळात आज आपण ज्याला बेलापूर मतदारसंघ म्हणतो तो तसा नवा आहे. जुना बेलापूर म्हणजे अवाढव्य प्रकरण होतं. सगळी नवी मुंबई तर त्यात होतीच, शिवाय शहराबाहेरचाही बराच मुलूख होता. राज्यातल्या सर्वात जास्त मतदारांच्या मतदारसंघांत त्याची गणना व्हायची. कारण सोपं आहे. मतदारसंघ आखले होते जुन्या जनगणनेवर, आणि सिडकोचं शहर वाढलं त्यानंतर. १९७० साली सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या, १९७३ ला वाशीचा खाडीपूल झाला, १९९२ ला रेल्वे वाशीपर्यंत आली आणि मग माणसांचा लोंढाच लागला. रेषा मात्र होत्या तिथेच. शेवटी २००१ च्या जनगणनेवर पुनर्रचना झाली आणि २००९ ची निवडणूक नव्या नकाशावर झाली. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून थेट २४ झाल्या! नवी मुंबईचे दोन तुकडे झाले. उत्तरेला ऐरोली आणि दक्षिणेला बेलापूर. वाशी, सानपाडा, नेरूळ आणि आपलं शिरवणे बेलापुरात राहिलं.

आता माणसांकडे येऊ. नवी मुंबईत नुसतं 'दादा' म्हटलं की पुढचं नाव सांगावं लागत नाही. टीटीसीच्या कारखान्यांतल्या कामगार चळवळीतून आलेले गणेश नाईक १९९० आणि १९९५ ला शिवसेनेकडून आमदार झाले, युती सरकारात मंत्री झाले. १९९५ लाच नवी मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि त्यांचे चिरंजीव संजीव नाईक पहिले महापौर झाले. पण १९९९ ला दादांनी शिवसेना सोडून राष्ट्रवादी धरली आणि त्याच वर्षी शिवसेनेच्या सीताराम भोईर यांनी त्यांना पाडलं. म्हणजे बालेकिल्ला माणसाचा की चिन्हाचा, या प्रश्नाचं उत्तर त्या वर्षी तरी चिन्हाच्या बाजूने लागलं. २००४ ला दादा परत आले, मंत्री झाले.

२००९ हा या घराण्याचा कळस. ठाणे लोकसभा ही आधी रामभाऊ म्हाळगी आणि राम कापसे यांची म्हणून भाजपची, आणि १९९६ पासून प्रकाश परांजपे यांच्यामुळे शिवसेनेची मानली जाणारी जागा. ती संजीव नाईकांनी जिंकली. (मनसेच्या उमेदवाराने लाखावर मते घेतली, हेही विसरू नका.) विधानसभेला बेलापुरात वडील आणि ऐरोलीत धाकटे चिरंजीव संदीप नाईक. २०१० ला पुतणे सागर नाईक महापौर. एकाच घरात खासदार, दोन आमदार आणि महापौर!

आणि मग २०१४. लोकसभेला संजीव नाईक शिवसेनेच्या राजन विचारेंकडून मोठ्या फरकाने हरले. विधानसभेच्या तोंडावर युतीही तुटली आणि आघाडीही, त्यामुळे बेलापुरात सगळे वेगवेगळे लढले. राष्ट्रवादीतून भाजपमध्ये आलेल्या मंदाताईंना ५५,३१६, दादांना ५३,८२५ आणि महापालिकेचे माजी आयुक्त, शिवसेनेचे विजय नाहटा यांना ५०,९८३. पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकात साडेचार हजारांचंही अंतर नाही. माझ्या मते बेलापूरचा स्वभाव सांगणारी हीच निवडणूक. इथे कोणाचंही एकहाती राज्य नाही, मते कशी फुटतात त्यावर सगळं असतं.

२०१९ ला दादाच भाजपमध्ये आले. बेलापूर मंदाताईंकडेच राहिलं, त्या त्रेचाळीस हजारांवर मताधिक्याने जिंकल्या. संदीप नाईकांनी वडिलांसाठी ऐरोली सोडली. २०२४ ला तेच संदीप नाईक भाजपचं जिल्हाध्यक्षपद सोडून तुतारीकडे गेले. वडील ऐरोलीत कमळावर, मुलगा बेलापुरात वडिलांच्याच पक्षाविरुद्ध! वडील जिंकले. मुलगा ३७७ ने हरला. शिवाय नाहटा या वेळी अपक्ष होते आणि मनसेचे गजानन काळेही उभे होते. त्या दोघांनी कोणाची मते खाल्ली यावर नेरूळच्या चहाच्या टपऱ्यांवर अजून वाद होतात.

पण नेत्यांच्या या कोलांट्यांपेक्षा मला मतदारांची गोष्ट जास्त विचार करण्यासारखी वाटते. इथे तीन-चार शहरं एकात एक बसलेली आहेत. एक गावठाणातले आगरी-कोळी प्रकल्पग्रस्त. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, त्यातून साडेबारा टक्के जमिनीचा हक्क मिळाला. त्यांच्यासाठी मत म्हणजे घराचा आणि जमिनीचा प्रश्न. म्हणून आजी काठी टेकत जातात. दुसरे सिडकोच्या वसाहतींतले नोकरदार, तिसरे झोपडपट्टीतले, आणि चौथे बाजार समितीतले माथाडी. यातल्या कित्येक माथाडींचा एक पाय इथे आणि एक पाय सातारा-सांगलीत. २०१४ च्या लोकसभेवेळी साताऱ्याचं मतदान १७ एप्रिलला होतं आणि इथलं २४ ला. तेव्हा शरद पवार नवी मुंबईतल्या माथाडींच्या मेळाव्यात दोन्हीकडे मत देण्याबद्दल बोलले, निवडणूक आयोगाने दखल घेतली, आणि ते गमतीने बोललो होतो असा खुलासा त्यांनी केला. गंमत असेलही, पण ती फक्त इथेच सुचू शकते!

आणि पाचवे आपण. चार वर्षं इथलं पाणी पितो, इथल्या लोकलला लटकतो, इथल्या खड्ड्यांना शिव्या देतो, पण यादीत नाव नाही. १९८९ पासून मताचं वय २१ वरून १८ झालंय. हॉस्टेलवर किंवा भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही इथला रहिवासी म्हणून नाव नोंदवता येतं. फॉर्म नंबर ६, वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, बस्स. अट एकच, नाव एकाच ठिकाणी हवं. गावचं काढून इथे आणायचं तर फॉर्म ८ भरायचा. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण नसली तर वर्ष फुकट जायचं, आता वर्षातून चार तारखा धरतात.

साताऱ्याच्या मित्राला विचारलं, तू इथे नाव आणणार का? तो म्हणाला, "आई म्हणते गावचं नाव काढलंस तर घरात घेणार नाही." त्यामुळे तो पुढच्या वेळीही एसटीनेच जाणार. बाकी आम्ही दोघांनी फॉर्म भरलाय. तिसरा अजून झोपलाय.