ऐन, साग आणि आठ कोरडे महिने

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतली माणसे आपल्या मुलखाचे दोन भाग करतात. एक बंदरपट्टी, दुसरी जंगलपट्टी. आगर, चिंचणी, बोर्डी, घोलवड ही बंदरपट्टी. इथे मार्चअखेरीसही वाड्या हिरव्यागार असतात, कारण चिकूच्या बुंध्याशी विहिरीचे पाणी पोचते. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे शिंपणे आहे. तिथून रेल्वेमार्ग आणि पुढे महामार्ग ओलांडून पूर्वेला कासा, सायवनकडे किंवा तलासरीहून उधव्याकडे निघाले की शिंपणारा कोणी उरत नाही. साग उघडा पडलेला असतो, पायाखाली पाचोळा वाजतो, आणि नवख्या माणसाला वाटते की हे रान वाळून गेले.

ते वाळलेले नसते. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने जवळजवळ थेंब न मिळता जगणे हा या झाडांचा हजारो वर्षांचा सराव आहे. म्हणून हवामान बदलाच्या काळात जंगलांचे काय होणार हा प्रश्न जगभर विचारला जात असताना त्याचे उत्तर शोधायला डहाणूचे रान फार चांगली जागा आहे. इथल्या झाडांना कोरड नवी नाही. कोरड येण्याची वेळ आणि तिची रीत मात्र बदलते आहे, आणि माझ्या मते खरा धोका तिथे आहे.

पावसाचा आकडा पाहिला तर इथे दुष्काळ हा शब्दच विचित्र वाटतो. वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या दुपटीहून जास्त पाऊस. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. खाली काळा कातळ, त्यावर उतारावर मातीचा पातळ थर. पाणी मुरण्याआधीच ओहोळांतून सूर्या आणि वारोळीत आणि तिथून समुद्रात जाते. म्हणून एवढा पाऊस असूनही हे रान सदाहरित नाही, पानगळीचे आहे. साग, ऐन, खैर, बिवळा, हेदू, धावडा, कळंब, काकड, मोह, पळस, सावर, आणि त्यांच्यामधून वर येणारे बांबू.

झाड पाणी वर चढवते ते पंपाने नव्हे, ओढीने. पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून बाष्प बाहेर पडते, त्या ओढीने खोडातल्या केसासारख्या नळ्यांमधला पाण्याचा अखंड धागा मुळांपासून वर खेचला जातो. जमीन कोरडी पडली की ओढ वाढते, धागा ताणला जातो, आणि एका मर्यादेपुढे नळीत हवेचा बुडबुडा शिरून तो तुटतो. तुटलेली नळी निकामी होते. अशा पुरेशा नळ्या निकामी झाल्या की फांदी वाळते, मग शेंडा, मग झाड. हे टाळायचे तर रंध्रे मिटावीत. पण त्याच रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो. ती मिटली की अन्न तयार होणे थांबते आणि झाड साठवलेल्या पिठावर जगू लागते. तहानेने मरायचे की भुकेने, असा हा पेच आहे. ब्रेंडन चोट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये जगभरच्या ८१ ठिकाणच्या २२६ जातींचा अभ्यास मांडला. त्यांतल्या ७० टक्के जाती नळ्या निकामी होण्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ जगताना आढळल्या, मग त्या ओल्या जंगलातल्या असोत की कोरड्या. म्हणजे जास्त पावसाच्या रानालाही फारशी मोकळीक नाही.

डहाणूच्या रानाने हा पेच एका मार्गाने सोडवलेला नाही. प्रत्येक जातीची तऱ्हा वेगळी आहे.

साग सरळ माघार घेतो. त्याचे पान रुंद, बाष्प भरपूर सोडणारे. ते पोसणे परवडेनासे झाले की तो ते टाकून देतो आणि पहिल्या पावसापर्यंत उघडा राहतो. सावर, पांगारा आणि काकड यांचे लाकूड हलके आणि सच्छिद्र असते, त्यामुळे त्यांच्या खोडात पाण्याचा साठा राहतो. पाने गळली की बाष्प जाणे थांबते, साठा टिकतो, आणि त्याच बळावर सावर भर कोरड्यात लाल फुलांनी भरते. खैराने पानाचे बारीक तुकडे करून टाकले आहेत. अशी पर्णिका उन्हात लवकर तापत नाही. ओहोळाकाठी जांभूळ आणि करंज पाण्याच्या आधाराने हिरवे राहतात.

सगळ्यांत विलक्षण गोष्ट मोह, ऐन आणि कुसुंब यांची. यांची नवी पालवी पाऊस येण्याची वाट पाहत नाही. मार्च-एप्रिलमध्ये, आकाशात ढग नसताना, कुसुंब तांबड्या कोवळ्या पानांनी पेटते. मोह फुले गाळून पालवतो. ऐनही पावसाच्या आधीच पाने काढतो. स्टीफन एलियट, पॅट्रिक बेकर आणि रॉल्फ बोरशेर्ट यांनी २००६ मध्ये थायलंडच्या पानगळी रानांविषयी लिहिताना यालाच आशियाई मोसमी जंगलांचा विरोधाभास म्हटले होते. कोवळ्या पानाला फुगायला पाणी लागते, आणि ते वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत मिळते कुठून? उत्तर जमिनीच्या पोटात आहे. कातळाच्या भेगांमधून खोल गेलेली मुळे गेल्या पावसाळ्याचे मुरलेले पाणी उचलतात. पावसाळा सुरू होताना या झाडांची पाने तयार असतात आणि ढगांच्या फटीतले ऊन त्यांना पहिल्या दिवसापासून वापरता येते.

ऐनाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्या मगरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या सालीखाली, खोडाच्या फुगवट्यात, कधी कधी पाणी साठते. मार्च २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनाधिकाऱ्यांनी अशा एका झाडाची साल कापली तेव्हा पाण्याची धार लागली. तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींना हे आधीपासून माहीत होते. ते पाहून प्रत्येक ऐनाला कुऱ्हाड लावू नये. साठा असलेली झाडे मोजकी असतात आणि तो साठा झाडाच्या खोडातच राहू द्यावा.

झाडांनी ही सगळी वर्षे लिहून ठेवली आहेत. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांत वार्षिक वलये नीट दिसत नाहीत. सागात मात्र ती स्पष्ट असतात, कारण त्याची वाढ दरवर्षी थांबते आणि पावसाबरोबर पुन्हा सुरू होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या गो. बी. पंत आणि हे. पां. बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाणे परिसरातल्या सागाची वलये आणि तिथले हवामान यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, त्याआधी डहाणू आणि तलासरी ठाण्यातच होते. १९८९ मध्ये आर. रमेश, एस. के. भट्टाचार्य आणि पंत यांनी सागाच्या वलयांतल्या जड हायड्रोजनवरून मोसमी पावसाचा माग काढणारा निबंध ‘नेचर’मध्ये छापला. बोरगावकर आणि सहकारी पुढे केरळातल्या सागांपर्यंत गेले आणि २०१० मध्ये त्यांनी १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका मांडली. पाऊस कमी पडलेल्या वर्षांत, विशेषतः एल निनोच्या दुष्काळांत, वलये अरुंद दिसतात. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते खोटे वलय. पावसाळ्याच्या मध्येच लांब उघडीप पडली की साग वाढ थांबवतो आणि पाऊस परतला की पुन्हा सुरू करतो. एकाच वर्षात दोनदा थांबल्याची खूण लाकडात उमटते.

अशा उघडिपीच आता महत्त्वाच्या ठरत आहेत. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस. त्याच वर्षी जुलैत कोकणात पुराची परिस्थिती होती. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, गुजरात आणि महाराष्ट्र धरून, मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि एकूण मोसमी पाऊस मात्र घटत होता. रानाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की वर्षाची बेरीज जुळूनही मुरणारे पाणी कमी होते. चार तासांत शंभर मिलिमीटर कोसळले तर कातळावरची पातळ माती ते धरून ठेवू शकत नाही. आणि मोह, ऐन यांची एप्रिलची पालवी तर त्या मुरलेल्या पाण्यावरच उभी आहे.

दुसरा ताण हवेचा. तापमान एक अंशाने वाढले की हवेची बाष्प धरण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे मातीत तितकीच ओल असूनही पानातून पाणी जास्त वेगाने ओढले जाते. रंध्रे मिटून ते वाचवावे तर पान थंड राहत नाही, कारण बाष्प सोडणे हाच त्याचा थंडावा. ख्रिस्तोफर डौटी आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मांडले की उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पानांतली प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा सरासरी ४६.७ अंश सेल्सियसला बिघडू लागते. आज जगभर अगदी थोडी पाने तिथे पोचतात, पण पोचू लागली आहेत. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत दीपक बरुआ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उत्तर सह्याद्रीतल्या झाडांवर हाच प्रश्न तपासला. जाड, सावकाश वाढणारी, टिकाऊ पाने उष्णता जास्त सोसतात. झटपट वाढणारी पातळ पाने कमी, असे त्यांना आढळले. डहाणूच्या रानात दोन्ही प्रकारची झाडे शेजारी शेजारी आहेत. तापत्या वर्षांत सगळी सारख्याच वेगाने पुढे जाणार नाहीत.

मोठे झाड मरताना दिसते, रोप मरताना दिसत नाही. या रानातल्या साग-बिवळ्याची रोपे पहिली काही वर्षे दर उन्हाळ्यात जमिनीपर्यंत वाळतात आणि पावसात मुळातून पुन्हा फुटतात. दरम्यान मूळ जाड होत जाते, आणि एक वर्ष असे येते की शेंडा वाळत नाही. या मधल्या वर्षांत लागोपाठ दोन वाईट पावसाळे, वर वणवा आणि चराई आली तर ते मूळच संपते. वीस वर्षांनी त्या जागी झाड का नाही, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नाही.

या रानाची उंची आणि वय माणसानेही ठरवले आहे. भाताच्या रोपासाठी राब भाजायला ऐनाच्या फांद्या तोडल्या जात. त्यावरून इंग्रज सरकार आणि ठाणे जिल्ह्यातले शेतकरी यांच्यात एवढा तंटा झाला की १८८५ मध्ये मुंबई इलाख्यात वन आयोग नेमावा लागला. ब्रिटिशांना सागाचे इमारती लाकूड हवे होते, आदिवासींना राबासाठी ऐनाचा टाळा, म्हणजे पाल्याच्या फांद्या. ठेकेदारांनी तोडलेल्या लाकडामागे वारली आदिवासींची वेठ होती. २३ मे १९४५ रोजी तलासरीतल्या झरी गावी कार्यकर्त्या गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारली जमले आणि वेठ नाकारली. गवत कापणीच्या आणि पुढे जंगलातल्या लाकूडतोडीच्या मजुरीसाठीही त्यांनी लढा दिला. त्या तोडीनंतर खुंटांतून फुटलेली झाडे आजही उभी आहेत. खोड तरुण, मुळे जुनी. म्हणून ती कोरडीत बरी तगतात. पण पुन्हा पुन्हा तोडले तर प्रत्येक फुटव्याला मुळातली साठवण लागते आणि ती एकदा संपते.

२० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक घोषित केला आणि उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा घातली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. आज याच पट्ट्यातून मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई–वडोदरा द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेन या प्रकल्पांचे मार्ग आखलेले आहेत. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात झाडे लावण्याचा नियम आहे, पण त्यात झाडांची संख्या मोजली जाते, जाती नाहीत. रांगेत लावलेला एकटा साग एकाच तऱ्हेने कोरड सोसतो, आणि ती तऱ्हा चुकेल त्या वर्षी सगळी लागवड एकदम चुकते. मिश्र रानात सागाने वाढ थांबवली तरी ऐनाची मुळे खालून पाणी आणत असतात आणि खैराच्या पर्णिका उन्हात टिकतात. मला डहाणूत लावलेल्या रोपांच्या आकड्यात रस नाही. त्यात ऐन, बिवळा, हेदू, मोह, काकड किती, हे विचारायला हवे.

हे विचारण्याचा अधिकार २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना दिला आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला रानाचे व्यवस्थापन स्वतः ठरवता येते. आणि विचारण्याआधी नोंद हवी. देशभरातल्या शाळा आणि नागरिक ‘सीझनवॉच’ या उपक्रमात ठरलेल्या झाडांची फुले, फळे आणि पालवी नियमितपणे टिपतात. पाड्यावरच्या शाळेने गावकुसाबाहेरचा एक मोह, एक ऐन आणि एक पळस निवडून पहिले फूल आणि पहिली पालवी यांची तारीख दरवर्षी वहीत लिहिली, सोबत ओहोळ कोणत्या महिन्यात आटला तेही लिहिले, तर दहा वर्षांत खोल मुळांचे पाणी आधी संपते आहे का याचे उत्तर उधव्याच्या मुलांकडे असेल. मोहाची फुले वेचणाऱ्या बायांना यातले बरेच आजच ठाऊक आहे. सुरुवात त्यांच्याशी बोलण्यापासून करावी, आणि येत्या फेब्रुवारीत, मोह फुलण्याच्या आधी करावी.