विद्यार्थी खचतो तेव्हा विद्यापीठ कोठे असते?

हदगाव, प्रतिनिधी – पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी महिनाभर वर्गात दिसला नाही, तर हजेरीपटावर तो केवळ 'गैरहजर' ठरतो. तो का येत नाही, याची चौकशी करणे कोणाचे काम, हे आजवर संदिग्ध होते. सर्वोच्च न्यायालयाच्या 25 जुलै 2025 च्या निकालाने ही संदिग्धता बरीच दूर केली आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार 2022 मध्ये देशात 13 हजार 44 विद्यार्थ्यांनी जीवन संपविले. त्यात महाराष्ट्र आघाडीवर होता. याची दखल घेत न्यायालयाने शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे व खासगी शिकवणी वर्ग अशा सर्वांना मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा; त्याहून लहान संस्थेने बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संधान बांधावे. शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. गुणांनुसार तुकड्या पाडणे व चारचौघांत अपमान करणे टाळावे, ही सूचना शिकवणी वर्गांसाठी प्रसिद्ध असलेल्या लातूरने विशेष लक्षपूर्वक वाचावी अशी आहे.

नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांसाठी 1994 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याचा मुख्य परिसर नांदेडजवळ विष्णुपुरी येथे आहे. परंतु या विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी त्या परिसरात शिकत नाहीत. ते हदगावसारख्या तालुक्यांतील संलग्न महाविद्यालयांत शिकतात. विद्यापीठाने मुख्य परिसरात कितीही सोयी केल्या, तरी हदगावच्या मुलाला त्यासाठी एसटीने नांदेड गाठावे लागणार असेल, तर त्या असून नसल्यासारख्याच. म्हणूनच न्यायालयाची सूचना प्रत्येक संस्थेला लागू आहे, ही बाब ग्रामीण महाविद्यालयांसाठी सर्वांत मोलाची ठरते. अर्थात, समुपदेशकाचे वेतन कोणी द्यायचे, हा प्रश्न संस्थाचालक विचारणारच!

ग्रामीण मराठवाड्यात मनाचा ताण बहुधा पैशाच्या वाटेने येतो. 2015 च्या दुष्काळात लातूर जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूने राज्य हळहळले. एसटीच्या पाससाठी घरात पैसे नव्हते. त्यानंतर दुष्काळग्रस्त भागातील विद्यार्थ्यांना मोफत पास जाहीर झाला. मुलींना मोफत पासची योजना आजही आहे, पण ती बारावीपर्यंतच. पदवीला गेलेल्या मुलीला सवलतीच्या दराने का होईना, पैसे मोजावेच लागतात. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत परीक्षा शुल्क माफ होते. मात्र अनेकदा रक्कम आधी भरायची आणि परतावा मागाहून, असा प्रकार घडतो. ज्याच्या घरी सोयाबीन पाण्यात गेले, त्याला आधी भरायचे तेच जड असते. विद्यार्थ्याने मदत मागावी अशी अपेक्षा धरण्याऐवजी शुल्क थकल्याची नोंद होताच महाविद्यालयाने त्याला बोलावून घेणे अधिक योग्य.

तक्रारीची वाटही माहीत असणे आवश्यक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे. मूळ कागदपत्रे अडवून ठेवणे, जादा शुल्क मागणे, शिष्यवृत्तीस विलंब करणे याविरुद्ध तिथे दाद मागता येते. समितीने शक्यतो कामकाजाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान न झाल्यास 15 दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. रॅगिंगविरुद्ध राज्यात 1999 पासून स्वतंत्र कायदा आहे.

मानसिक आधारासाठी केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क व मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक वसतिगृहात, वर्गात आणि संकेतस्थळावर ठळक अक्षरांत लावणे न्यायालयाने बंधनकारक केले आहे. आपल्या महाविद्यालयाच्या फलकावर तो लागला आहे का, हे पालकांना फाटकातून आत जाताच पाहता येईल.